‘बॅटमॅन अँड रॉबिन’ (१९९७) : एका झगमगत्या उत्तरभागाची समीक्षा आणि त्या समीक्षेचे परिणाम

सारांश

जोएल शूमाकर दिग्दर्शित ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ हा चित्रपट जून १९९७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेच्या बॅटमॅन मालिकेतील तो चौथा चित्रपट होय. दृश्यवैभव, मोठे नट आणि प्रचंड जाहिरात हे सारे असूनही समीक्षकांनी त्याला जवळजवळ एकमुखाने नाकारले. या टीकेत परस्परांहून भिन्न असे तीन आक्षेप एकत्र आलेले होते : रचनेविषयीचा, व्यापारीकरणाविषयीचा आणि सुराविषयीचा. चित्रपट-उद्योगाने त्यांपैकी प्रामुख्याने तिसऱ्याचीच दखल घेतली. त्यामुळे पुढील काळातील सुपरहिरो चित्रपटांचे स्वरूप बदलले. मात्र मूळ दोषांची मीमांसा अपुरीच राहिली. प्रस्तुत लेखात या तीन आक्षेपांचे विवेचन करून त्यांच्या परिणामांचा ऊहापोह केला आहे.

बीजसंज्ञा : सुपरहिरो चित्रपट, उत्तरभाग, चित्रपट समीक्षा, रसविरोध, कॅम्प, व्यापारीकरण.

प्रस्तावना

लोकप्रिय चित्रपटाच्या समीक्षेकडे अभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष होते. वृत्तपत्रीय परीक्षण हे एका आठवड्याचे लेखन, त्याचे आयुष्य चित्रपटगृहातील फलक उतरेपर्यंतचे, असा समज रूढ आहे. परंतु काही वेळा अशा परीक्षणांचा एकत्रित निर्णय पुढील अनेक वर्षांची निर्मिती घडवितो. ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अत्यंत वाईट चित्रपटांच्या याद्यांत त्याचे नाव आजही आढळते. एखादी कलाकृती वाईट ठरली एवढे सांगून समीक्षेचे काम संपत नाही. ती कोणत्या अर्थाने वाईट ठरली, कोणाच्या दृष्टीने ठरली आणि त्या निर्णयातून पुढे काय निष्पन्न झाले, हेही पाहावे लागते.

१. पूर्वपीठिका

बॅटमॅन ही व्यक्तिरेखा १९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात प्रथम अवतरली. बॉब केन आणि बिल फिंगर हे तिचे निर्माते. पुढच्याच वर्षी रॉबिन हा तिचा किशोरवयीन साथीदार आला. आईवडिलांची हत्या डोळ्यांदेखत पाहिलेला मुलगा मोठेपणी रात्रीच्या अंधारात गुन्हेगारांशी लढतो, हे या कथेचे बीज आहे. त्यात करुणही आहे, भयानकही आहे. आणि वटवाघळाचा पोशाख घातलेला धनाढ्य गृहस्थ ही कल्पना मुळातच काहीशी हास्यास्पद असल्याने हास्याचीही शक्यता आहे. बॅटमॅनचा इतिहास म्हणजे या शक्यतांपैकी कोणती पुढे आणावयाची याविषयीचा दीर्घ वाद होय.

१९६६ ते १९६८ या काळात अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने हास्याची बाजू उचलली. भडक रंग, तिरके कॅमेरे, पडद्यावर उमटणारे ठोशांचे ध्वनिशब्द आणि अ‍ॅडम वेस्ट यांचा अत्यंत गंभीर चेहरा यांमुळे ती मालिका विलक्षण लोकप्रिय झाली. पुढील पिढीतील कॉमिक्स वाचकांना मात्र ती लाजिरवाणी वाटू लागली. फ्रँक मिलर यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ने १९८६ मध्ये प्रौढ, काळोखा आणि हिंस्र बॅटमॅन रूढ केला. टिम बर्टन यांच्या १९८९ मधील चित्रपटासाठी विनोदी नट म्हणून परिचित असलेल्या मायकेल कीटन यांची निवड झाली, तेव्हा चाहत्यांनी हजारो निषेधपत्रे पाठविली. साठच्या दशकातील विनोदी बॅटमॅन परत येईल, ही त्यामागील भीती होती. प्रत्यक्षात बर्टन यांचा चित्रपट गडद निघाला आणि त्याने जगभरात ४१ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले.

बर्टन यांचाच ‘बॅटमॅन रिटर्न्स’ (१९९२) अधिक काळोखा होता. त्याचे उत्पन्न सुमारे २६ कोटी ६० लाख डॉलरांपर्यंत उतरले. मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहांतून या चित्रपटाची खेळणी मुलांच्या जेवणासोबत दिली जात होती आणि असा भीतिदायक चित्रपट मुलांच्या माथी मारल्याबद्दल पालकांनी तक्रारी केल्या. चित्रसंस्थेने दिग्दर्शक बदलला. शूमाकर यांचा ‘बॅटमॅन फॉरएव्हर’ (१९९५) रंगीत, वेगवान आणि हलकाफुलका होता. पहिल्या आठवडाअखेरीस ५ कोटी २८ लाख डॉलर मिळवून त्याने त्या काळातील विक्रम केला. जागतिक उत्पन्न ३३ कोटी ६० लाखांच्या आसपास गेले. म्हणजे १९९७ चा चित्रपट ज्या सुरासाठी निंदिला गेला, तो सूर दोनच वर्षांपूर्वी याच प्रेक्षकाने डोक्यावर घेतला होता. ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. चित्रपटाचे स्वरूप

‘बॅटमॅन अँड रॉबिन’ची पटकथा अकिवा गोल्ड्समन यांची. जॉर्ज क्लूनी बॅटमॅन झाले, ख्रिस ओ’डॉनेल रॉबिन आणि अ‍ॅलिशिया सिल्व्हरस्टोन बॅटगर्ल. खलनायक मिस्टर फ्रीझच्या भूमिकेत अर्नोल्ड श्वार्झनेगर होते आणि श्रेयनामावलीत पहिले नाव नायकाचे नसून त्यांचे होते. पॉयझन आयव्ही ही वनस्पतींची कैवारी खलनायिका उमा थर्मन यांनी साकारली.

कथानक थोडक्यात असे : शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रीझची पत्नी नोरा असाध्य रोगाने ग्रस्त आहे. उपचार सापडेपर्यंत त्याने तिला गोठवून ठेवले आहे. एका अपघातानंतर तो स्वतः केवळ अतिशीत वातावरणात जगू शकतो. त्याचा पोशाख हिऱ्यांच्या साह्याने चालतो, म्हणून तो हिरे चोरतो. दुसरीकडे बॅटमॅनचा वृद्ध सेवक आणि पितृतुल्य पालक आल्फ्रेड त्याच रोगाच्या पहिल्या अवस्थेत आहे. ज्याच्याशी लढावयाचे त्याच्याचपाशी आपल्या माणसाचे औषध आहे, असा हा पेच आहे. कागदावर पाहता ही कथा दुबळी नाही.

पडद्यावर मात्र या कथेभोवती निऑन दिव्यांचे, अतिभव्य पुतळ्यांचे आणि चमकदार रबरी पोशाखांचे साम्राज्य पसरते. प्रारंभीच्याच प्रसंगात नायकांच्या बुटांतून बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या बाहेर येतात आणि हिऱ्यासाठी हॉकीसदृश झुंज होते. पुढे एका धर्मादाय लिलावात बॅटमॅन स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड काढून दाखवितो. फ्रीझच्या तोंडी थंडी, बर्फ आणि गोठणे यांवरील कोट्यांची अखंड माळ आहे.

पहिल्या आठवडाअखेरीस चित्रपटाने सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर मिळविले. परंतु दुसऱ्या आठवडाअखेरीस हे उत्पन्न साठ टक्क्यांहून अधिक घसरले. जागतिक उत्पन्न २३ कोटी ८० लाख डॉलरांच्या जवळपास थांबले. मालिकेतील हा नीचांक होता.

३. समीक्षेतील तीन आक्षेप

तत्कालीन परीक्षणे वाचताना त्यांतील नाराजीचा स्वर एकच वाटतो. तथापि आक्षेपांचे स्वरूप एक नाही.

पहिला आक्षेप रचनेचा. शिकागोचे प्रसिद्ध समीक्षक रॉजर एबर्ट यांनी चारपैकी दोन तारे दिले. गॉथम नगरीच्या दृश्यवैभवाने आपण पुन्हा मोहित झाल्याचे त्यांनी मान्य केले. मात्र अर्ध्या तासाच्या सुमारास आनंद ओसरू लागला, कारण नायकाच्या विलक्षण विश्वाचा शोध न घेता चित्रपट विशेष दृश्यपरिणामांच्या आतषबाजीत स्थिरावतो, असे त्यांचे म्हणणे होते. येथे तक्रार झगमगाटाविरुद्ध नाही; झगमगाटाखाली काही नसण्याविरुद्ध आहे. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या मिक लासाल यांनी क्लूनी यांची तुलना जेम्स बाँडची भूमिका एकदाच करून विस्मृतीत गेलेल्या जॉर्ज लॅझनबी यांच्याशी केली. हाही रचनेचाच आक्षेप म्हणावा लागेल. नायकाला अंतर्विरोध नसेल, तर नटाला साकारण्यासारखे काही उरत नाही.

दुसरा आक्षेप व्यापारीकरणाचा. चित्रपट म्हणजे खेळण्यांची लांबलचक जाहिरात आहे, ही टीका वारंवार झाली. ती निराधार नव्हती. शूमाकर यांनी नंतर सांगितले की, ज्यापासून भरपूर खेळणी तयार करता येतील असा चित्रपट चित्रसंस्थेला हवा होता. ओ’डॉनेल यांनीही या चित्रीकरणाच्या वेळी मुलांच्या खेळण्यांची जाहिरात करीत असल्यासारखे वाटत होते, असे नमूद केले आहे. अखेरच्या भागात तिन्ही नायक कोणत्याही कारणाविना नव्या रुपेरी छटेच्या पोशाखांत अवतरतात. कथेत या बदलाला स्पष्टीकरण नाही. दुकानातील मांडणीत ते आहे.

तिसरा आक्षेप सुराचा. चित्रपट विनोदी, भडक आणि गांभीर्यशून्य असल्याने मूळ व्यक्तिरेखेचा अपमान झाला, अशी विशेषतः कॉमिक्सच्या चाहत्यांची भावना होती. पोशाखांच्या छातीवर कोरलेली शरीररचना हा तर चेष्टेचा कायमचा विषय झाला. ग्रीक शिल्पांतील पुरुषदेह हा आपला आदर्श होता, असे शूमाकर यांचे स्पष्टीकरण होते.

या तीन आक्षेपांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिला लेखनाकडे, दुसरा चित्रसंस्थेच्या अर्थव्यवहाराकडे आणि तिसरा दिग्दर्शकाच्या अभिरुचीकडे बोट दाखवितो. यांपैकी पहिल्यावर उपाय कष्टाचा असतो, दुसऱ्यावर तोट्याचा. तिसऱ्यावरचा सर्वांत सोपा, कारण त्यासाठी केवळ दिग्दर्शक बदलावा लागतो.

४. हास्य आणि करुण : रसविरोधाचा प्रश्न

विनोद हाच दोष होता काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना भारतीय साहित्यशास्त्रातील रसविरोधाची कल्पना उपयोगी पडते. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त करुण आणि भयानक हे हास्याचे विरोधी रस मानले आहेत. तथापि विरोधी रस एका कृतीत येऊच नयेत, असे शास्त्रकारांचे म्हणणे नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तृतीय उद्द्योतात विरोधपरिहाराचे मार्ग सांगितले आहेत. दोन विरोधी भाव एकाच आश्रयाच्या ठिकाणी येत असतील, तर त्यांचे आश्रय भिन्न करावेत. ते लागोपाठ येत असतील, तर मध्ये अन्य रसाचे व्यवधान ठेवावे.

या निकषावर फ्रीझची व्यक्तिरेखा तपासली असता दोष नेमका सापडतो. पत्नीच्या वियोगाने गोठलेला हा पुरुष. त्याचे हे करुण रूप १९९२ मध्ये ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ या रंगीत चित्रमालिकेतील ‘हार्ट ऑफ आइस’ या भागाने सिद्ध केले होते. पॉल डिनी यांनी लिहिलेल्या त्या भागात फ्रीझ भावनाशून्य स्वरात बोलतो आणि म्हणूनच त्याचे दुःख झिरपत राहते. चित्रपटाने दुःखाची तीच कथा घेतली. परंतु त्याच व्यक्तीच्या तोंडी कोट्यांची माळ घातली. आश्रय एकच आणि व्यवधान नाही. पत्नीच्या गोठलेल्या देहासमोर व्याकूळ होणारा माणूस पुढच्याच प्रसंगात हवामानावर विनोद करतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्या दुःखावर विश्वास ठेवत नाही आणि विनोदालाही मोकळेपणाने हसत नाही.

याउलट आल्फ्रेड आणि ब्रूस वेन यांचे मोजके प्रसंग आजही टिकून राहतात. मालिकेतील चारही चित्रपटांत आल्फ्रेड साकारणाऱ्या मायकेल गफ यांच्या सान्निध्यात क्लूनी यांचाही अभिनय सौम्य आणि खरा होतो. या प्रसंगांत करुणाचा आश्रय वेगळा आहे आणि कोणीही कोटी करीत नाही. त्याच झगमगत्या चित्रपटात हे प्रसंग उभे राहतात, याचा अर्थ दोष झगमगाटाचा नव्हे, योजनेचा आहे.

५. ‘कॅम्प’ची मर्यादा

शूमाकर यांच्या शैलीसाठी इंग्रजी समीक्षेत ‘कॅम्प’ ही संज्ञा सतत वापरली गेली. येथे तिचा छावणीशी संबंध नाही. कृत्रिमता, अतिरेक आणि नाटकीपणा यांचा जाणतेपणाने घेतलेला आस्वाद, असा तिचा ढोबळ अर्थ सांगता येईल. सूझन सोंटॅग यांनी १९६४ मधील प्रसिद्ध निबंधात या अभिरुचीची चर्चा केली. शुद्ध कॅम्प निरागस असतो. स्वतःच्या कॅम्पपणाची जाणीव असलेली कृती तुलनेने कमी समाधान देते, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे.

१९६६ ची मालिका जाणीवपूर्वक घडविलेली असली तरी तिच्यातील पात्रे स्वतःला हसत नव्हती. अ‍ॅडम वेस्ट यांचा बॅटमॅन रस्ता ओलांडण्याच्या नियमांविषयीही धर्मोपदेशकाच्या गांभीर्याने बोलू शकतो. हसणे प्रेक्षकाकडे सोपविलेले असते. १९९७ च्या चित्रपटात पात्रे स्वतःच विनोद करतात, स्वतःच दाद घेतात आणि प्रेक्षकाला काही करण्यास शिल्लक ठेवीत नाहीत. याला अपवाद उमा थर्मन यांचा. त्यांनी जुन्या हॉलिवूडमधील मोहिनींचा ढंग आपल्या भूमिकेत अखेरपर्यंत सांभाळला आणि प्रतिकूल परीक्षणांतही त्यांचे कौतुक आढळते. एकाच चित्रपटात एक अतिरंजित भूमिका वाखाणली जाते आणि दुसरी नाकारली जाते, यावरून अतिरंजन हा स्वयमेव दोष नाही, हे स्पष्ट होते.

६. कृतीची समीक्षा आणि व्यक्तीची अवहेलना

या चित्रपटावरील प्रतिक्रियांचा एक भाग समीक्षेच्या मर्यादेबाहेर गेला, हेही नोंदविणे आवश्यक आहे. सिल्व्हरस्टोन त्या वेळी जेमतेम विशीत होत्या. त्यांच्या अभिनयाऐवजी शरीरयष्टीवर वृत्तपत्रांतून क्रूर विनोद झाले आणि त्यांचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितला. उपहासात्मक गोल्डन रास्पबेरी पुरस्कारांत चित्रपटाला ११ नामांकने मिळाली. प्रत्यक्ष ‘पुरस्कार’ एकच दिला गेला, तो त्यांना.

शूमाकर हे आपली समलैंगिकता न लपविणारे दिग्दर्शक होते. पोशाखांविषयीच्या चेष्टेत अनेकदा या गोष्टीचा छुपा, कधी उघड, उल्लेख असे. या संदर्भात जुना इतिहास आठवावा लागतो. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५४ मध्ये ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या ग्रंथात बॅटमॅन-रॉबिन संबंधावर समलैंगिक सूचकतेचा आरोप केला होता. अभ्यासक अँडी मेडहर्स्ट यांनी १९९१ मधील निबंधात असे दाखवून दिले की, काळोख्या आणि ‘मर्दानी’ बॅटमॅनविषयीच्या आग्रहामागे हा अर्थ दूर ठेवण्याची धडपड दडलेली असते. ‘मूळ व्यक्तिरेखेशी निष्ठा’ हा निकष वरकरणी वाङ्मयीन वाटतो. परंतु रॉबिनसह हसणारा बॅटमॅनही तितकाच मूळ आहे. कोणते मूळ खरे मानावयाचे, ही निवड केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही.

शूमाकर यांनी २००५ मध्ये चित्रपटाच्या गृहचित्रफितीसोबतच्या निवेदनात निराश झालेल्या प्रेक्षकांची क्षमा मागितली आणि पुढेही मागितली. क्लूनी यांनीही अनेकदा तेच केले. ज्या चित्रसंस्थेने खेळण्यांच्या हिशेबाने चित्रपट मागितला होता, तिच्याकडून अशी क्षमायाचना ऐकू आली नाही. शूमाकर यांचे २०२० मध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्युलेखांतही या एका चित्रपटाचा उल्लेख अटळ ठरला. पटकथाकार गोल्ड्समन मात्र ‘अ ब्युटिफुल माइंड’साठी ऑस्करचे मानकरी झाले होते. अपयशाची जबाबदारी वाटली कशी जाते, याचा हा बोलका नमुना होय.

७. निर्णयाचे दूरगामी परिणाम

शूमाकर यांच्याच दिग्दर्शनाखाली नियोजित असलेला पुढील चित्रपट रद्द झाला आणि बॅटमॅनची मालिका आठ वर्षे थांबली. २००० मधील ‘एक्स-मेन’मध्ये कॉमिक्समधील रंगीत पोशाखांऐवजी काळे चामडी पोशाख आले. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) मध्ये प्रत्येक वस्तूला कारण दिले गेले : चिलखत कोठून आले, वाहन कोणासाठी बनले होते, मुखवटा कशासाठी. ‘द डार्क नाइट’ने (२००८) १०० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला. मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी तर ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ला या प्रकारातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हटले, तो इतका वाईट होता की नवा मार्ग शोधणे भाग पडले, असा त्यांचा आशय होता.

नोलन यांच्या चित्रपटांची गुणवत्ता निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या यशातून उद्योगाने काढलेला अर्थ, गांभीर्य म्हणजे गुणवत्ता, हा सदोष होता. ‘स्पायडर-मॅन’ (२००२) लाल-निळ्या रंगांत आणि भोळ्या सुरात यशस्वी झाला होता, तो पुरावा बाजूला पडला. २०१६ मध्ये ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आला तेव्हा समीक्षकांनी त्याला नेमक्या उलट कारणासाठी झोडपले : तो निरानंद, जड आणि स्वतःविषयी अतिगंभीर आहे. १९९७ मध्ये हास्याने करुणाचा घात केला होता. येथे गांभीर्याला आधार देणारी व्यक्तिरेखाच दुबळी होती. रंग बदलला, दोष तोच राहिला. आणि खेळणी व सहउत्पादने दोन्ही वेळी दुकानांत होतीच.

८. पुनर्मूल्यांकन

अलीकडच्या काळात ‘बॅटमॅन अँड रॉबिन’कडे काहीशा सहानुभूतीने पाहिले जाते. ‘द लेगो बॅटमॅन मूव्ही’ने (२०१७) नायकाच्या एकाकीपणावर मनमुराद हसत त्याच वेळी त्याची वेदनाही जपली आणि विनोदी बॅटमॅन शक्य असल्याचे सिद्ध केले. ‘द फ्लॅश’च्या (२०२३) अखेरीस क्लूनी ब्रूस वेन म्हणून क्षणभर प्रकटले. बार्बरा लिंग यांनी उभारलेली गॉथम नगरी संगणकनिर्मित दृश्यांच्या काळात अधिकच ठोस वाटते. तथापि पुनर्मूल्यांकन म्हणजे दोषमुक्ती नव्हे. फ्रीझच्या व्यक्तिरेखेतील रसभंग १९९७ मध्ये होता तसाच आजही आहे.

निष्कर्ष

१. ‘बॅटमॅन अँड रॉबिन’वरील टीका फलतः योग्य होती; परंतु तिच्यातील रचना, व्यापार आणि सूर यांविषयीचे आक्षेप एकमेकांत मिसळले गेले.

२. चित्रपटाचा मुख्य दोष हास्य किंवा भडकपणा हा नसून, विरोधी रसांची एकाच आश्रयाच्या ठिकाणी झालेली अविचारी योजना हा आहे. आल्फ्रेडचे प्रसंग आणि पॉयझन आयव्हीची भूमिका यांवरून हे दिसून येते.

३. उद्योगाने सुराविषयीचा आक्षेप स्वीकारून व्यापाराविषयीचा टाळला. त्यामुळे गांभीर्य ही एक नवी सजावट झाली आणि २०१६ मध्ये तीही अपुरी पडली.

४. कृतीवरील आक्षेप कलावंताच्या शरीरावर किंवा लैंगिकतेवर घसरतो, तेव्हा समीक्षेचा अधिकार संपतो.

महाविद्यालयीन वर्गात चित्रपट रसास्वाद शिकविताना सर्वमान्य श्रेष्ठ कृतींइतकाच अशा सर्वमान्य अपयशाचाही उपयोग होऊ शकतो. ‘चित्रपट वाईट आहे’ या वाक्याशी विद्यार्थी सहज सहमत होतात. त्या वाक्यापुढे ‘म्हणजे नेमके काय?’ हा प्रश्न ठेवल्यावर समीक्षेचा खरा आरंभ होतो.